दुपारचं इंग्रजी : रिकामं म्हणजे नक्की कसलं रिकामं?

मैत्रिणींनो, या खेपेला धडा सुरू करण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक तुमच्यापुढे कबूल करते. शिकवणारीनं चूक झाकून ठेवली की शिकणाऱ्या तीच चूक पुढे गिरवत बसतात, म्हणून.

आमच्या शेजारच्या काकू माझ्या दुपारच्या वर्गाला येतात. वर्ग म्हणजे काय, तर आमच्याच बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून बसलेल्या पाच-सहाजणी. सकाळी माझी अर्धवेळ शाळा असते, साडेचारला मुलं घरी येतात, त्याच्या मधला हा दीड तास. काकू साठी ओलांडलेल्या. काकांना जाऊन दहा महिने झाले. मुलगा परदेशात, आणि बारा वर्षांच्या नातीला मराठी बोललेलं कळतं, पण वाचता येत नाही. तिला आपण स्वतः पत्र लिहायचं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही, एवढ्या एका हट्टासाठी काकू इंग्रजी शिकताहेत. दर रविवारी वहीत एक पानभर पत्र लिहितात आणि भाच्याकडून त्याचा मोबाईलवर फोटो काढवून पाठवतात. नात ते पत्र घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते.

एका रविवारी मी स्वयंपाकघरात, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि काकूंनी गच्चीच्या जिन्यावरून हाक मारली, "अगं, रिकामं याला इंग्रजीत काय म्हणायचं?" मी गॅस बारीक करता करता ओरडून सांगितलं, "व्हेकंट!" झालं. मी विसरून गेले.

काकूंनी लिहिलं होतं, "द रूम्स अपस्टेअर्स आर व्हेकंट नाउ." त्यांना म्हणायचं होतं की, माडीवरच्या दोन खोल्या आता रिकाम्या वाटतात. त्या खोल्यांत काकांची पुस्तकं, त्यांची आरामखुर्ची, त्यांचं टेबल. दिवसभर ते तिथंच असत. मुलानं त्याचा अर्थ घेतला, आईनं माडी भाड्यानं द्यायचं ठरवलेलं दिसतंय! तो बिचारा आधीपासून म्हणतच होता की, एवढ्या मोठ्या घरात तू एकटी कशाला, वर कोणी चांगलं कुटुंब ठेवलंस तर सोबत होईल. त्यानं गावातल्या आपल्या मित्राला कळवलं, मित्रानं एका एजंटाला सांगितलं, आणि गुरुवारी भर दुपारी दोन माणसं मोजमापाची टेप घेऊन काकूंच्या दारात उभी! "माडी बघायची आहे," म्हणाले.

त्या रात्री फोनवर काय झालं असेल ते सांगायला नको. काकू म्हणाल्या, "वर्षसुद्धा झालं नाही, आणि तू त्यांची खोली भाड्यानं लावायला निघालास?" मुलगा म्हणाला, "आई, तूच तर लिहिलंस!" काकूंनी फोन ठेवला. पुढचा रविवार बिनपत्राचा गेला. वर्गालाही काकू दोनदा आल्या नाहीत, तेव्हा मी वाटीभर खीर घेऊन चौकशीला गेले. त्यांनी काही न बोलता वही पुढे केली. तो शब्द बघितला आणि माझ्या पोटात गोळा आला.

तर आज तोच शब्द नीट धरू या. आपल्याकडे 'रिकामं' हा एकच शब्द किती कामं करतो पाहा. डबा रिकामा, पोट रिकामं, जागा रिकामी, हात रिकामे, आणि दुपारी पाठ टेकली तर आपणही रिकाम्या! इंग्रजीत या प्रत्येकासाठी शब्द बदलतो. आणि तो ओळखायची माझी युक्ती अशी : अर्थ पाठ करू नका, त्या शब्दाचा उलटा शब्द कोणता ते बघा.

'एम्प्टी'चा उलटा 'फुल', भरलेलं. म्हणून डबा, बाटली, पिशवी, सिलिंडर, पोट, सगळं एम्प्टी. गोळ्यांच्या पाकिटावर 'ऑन एम्प्टी स्टमक' लिहिलेलं असतं, ते उपाशीपोटी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या मैत्रिणींना हे शब्द चांगले ओळखीचे असतील. सकाळी ती गोळी पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. (चहाच्या नादात ही शिस्त मोडणाऱ्या एक बाई माझ्याच घरात आहेत, नाव सांगत नाही.)

'व्हेकंट'चा उलटा 'ऑक्युपाइड', कोणी तरी जागा धरलेली. विमानातल्या संडासाच्या दारावर हेच दोन शब्द असतात. व्हेकंट म्हणजे, ही जागा कोणासाठी तरी आहे, आत्ता कोणी नाही, तुम्ही येऊ शकता. नोकरीची 'व्हेकन्सी' ती हीच. घर विकत घेताना करारात 'व्हेकंट पझेशन' असे शब्द असतात, त्याचा अर्थ रिकामा ताबा, म्हणजे आत भाडेकरू नाही, जुन्या मालकाचं बिऱ्हाड नाही, कुलूप तुमच्या हाती. हे शब्द करारात आहेत की नाहीत ते नक्की बघा. किल्ली मिळाली पण मागच्या खोलीत कोणाचा तरी पलंग आणि माणूस तसाच, असा ताबा काय कामाचा?

खोलीत सामान खच्चून भरलेलं असेल, तरी राहणारं कोणी नसेल तर ती व्हेकंट असू शकते. उलट, लग्नाच्या आदल्या दिवशी कार्यालयातली सगळी भांडीकुंडी, खुर्च्या बाहेर काढल्या तर हॉल एम्प्टी, पण बुकिंग तुमचं, म्हणून व्हेकंट नव्हे. एका खुर्चीचंच घ्या ना. व्हेकंट खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं. एम्प्टी खुर्ची दिसली की कधी कधी कोण बसत असे ते आठवतं. काकूंच्या माडीवरची खुर्ची दुसऱ्या जातीची होती, आणि मी तिला पहिल्या जातीचं नाव देऊन बसले.

आता गंमत सांगते. 'व्हेकंट' हा लॅटिनमधून आलेला, आणि त्याच्याच घरातले 'व्हेकेशन' आणि 'व्हॅक्यूम'. सुटी म्हणजे काय, तर कामापासून रिकामं होणं. आणि आपला थर्मास म्हणजे 'व्हॅक्यूम फ्लास्क'. जेम्स ड्युअर नावाच्या शास्त्रज्ञानं 1892 साली तो बनवला. दोन भिंतींच्या मधली हवा काढून टाकलेली असते, तिथं काही नसतं म्हणून चहाची ऊब बाहेर जात नाही. म्हणजे थर्मास चहानं फुल, आणि तरी त्याच्या अंगात एक रिकामपण कायमचं बंद करून ठेवलेलं!

आणि 'एम्प्टी'चं मूळ तर आपल्या फारच जवळचं निघालं. जुन्या इंग्रजीत हा शब्द माणसासाठी वापरत आणि त्याचा अर्थ होता, फुरसत असलेला, हाताला काम नसलेला. थेट आपला 'रिकामा'! पुढे माणसाचा अर्थ गळला आणि डब्याचा तेवढा राहिला. म्हणून आज कोणी विचारलं की दुपारी वेळ आहे का, तर 'आय ॲम एम्प्टी' म्हणू नका, 'आय ॲम व्हेकंट' तर मुळीच नको (माझ्या डोक्यात काही नाही, असा त्याचा अर्थ होईल). 'आय ॲम फ्री' म्हणा. आपला 'मोकळी' शब्द इथं बरोबर बसतो. रिकामी आणि मोकळी यांतला फरक तुम्हांला मी काय सांगणार? "तू काय, घरी रिकामीच असतेस" हे वाक्य ऐकून घेतलेलं नाही अशी एक तरी वाचक असेल का?

आता 'ब्लँक'. या शब्दापाशी जरा बसा, कारण इथं नुसत्या भाषेचा प्रश्न नाही, पैशांचा आहे. ब्लँक हा मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ पांढरा. आपला 'कोरा'. ज्यावर लिहायचं असतं आणि अजून लिहिलेलं नसतं ते ब्लँक. म्हणून कागद एम्प्टी नसतो, ब्लँक असतो. परीक्षेत ऐन वेळी आठवेना झालं की मुलं म्हणतात, डोकं ब्लँक झालं, तेही बरोबरच. पाटी कोरी.

पण सही केलेला ब्लँक कागद, ब्लँक चेक, ब्लँक फॉर्म, हे तीन पदार्थ घरात असू नयेत. माझ्या नात्यातल्या एकीनं "तू नुसती सही कर, बाकीचं मी भरतो" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवून दोन कोऱ्या चेकवर सह्या केल्या. माणूस घरचाच होता, म्हणून तर केल्या. पुढचं सांगत नाही. मात्र कायदा काय म्हणतो तो ऐका. 1881 चा आपला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट आहे, म्हणजे चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांचा कायदा. त्याच्या 20 व्या कलमात, सही करून अर्धवट सोडलेला दस्तऐवज दुसऱ्याच्या हाती दिला तर तो भरायचा अधिकारच सकृद्दर्शनी त्याला दिला असं धरलं जातं. आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात सांगितलं की, आपण होऊन सही करून दिलेला कोरा चेक असला, रक्कम दुसऱ्यानं भरली असली, तरी तो देण्यापोटीच दिला असं गृहीत धरलं जाईल. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणारीवर. म्हणजे "मी फक्त सही केली होती" या वाक्याला तिथं फारसा भाव नाही.

म्हणून चेक लिहिताना आकडा डाव्या कडेला चिकटून सुरू करा, अक्षरी रकमेनंतर लगेच 'ओन्ली' लिहा आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढा. फॉर्ममधला जो रकाना आपल्याला लागू नाही तो ब्लँक सोडू नका, 'नॉट ॲप्लिकेबल' लिहा. जिथं आकडा विचारलाय आणि आपला शून्य आहे, तिथं 'निल'. आणि 'लीव्ह धिस ब्लँक' असं छापलेलं असेल तिथं मात्र काही लिहू नका, ती जागा ऑफिसची. फॉर्म भरून झाला की सही शेवटी. आधी नव्हे. घरातल्या माणसासमोर "थांबा, वाचून करते" म्हणायला जीभ अडखळते, ठाऊक आहे मला. माझीही अडखळली होती. पण एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं.

'हॉलो' म्हणजे पोकळ, उलटा शब्द 'सॉलिड', भरीव. वस्तूच अशी घडवलेली की आत काही नाही. पाणीपुरीची पुरी हॉलो, आणि ती ज्या डब्यातून संपली तो डबा एम्प्टी. बांबू हॉलो, बांधकामाच्या सिमेंटच्या पोकळ विटा त्या 'हॉलो ब्लॉक'. बाहेरून भरल्यासारखं दिसतं आणि वाजवून बघितलं की कळतं, तसंच माणसांच्या शब्दांचंही. पोकळ आश्वासन ते हॉलो प्रॉमिस. 'बडा घर पोकळ वासा' ही म्हण इंग्रजीत सांगायची वेळ आली तर वासा हॉलोच ठेवा, एम्प्टी केलात तर म्हण मेली.

'व्हॉइड' हा शब्द घरात फारसा लागत नाही, पण वकिलाच्या कागदात भेटतो. कायद्यात त्याचा अर्थ, ज्याला मुळी बळच नाही ते, आणि उलटा शब्द 'व्हॅलिड'. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे जो करार न्यायालयातून बजावून घेता येत नाही तो व्हॉइड. पहिली बायको हयात असताना आणि काडीमोड झालेला नसताना हिंदू पुरुषानं दुसरं लग्न केलं, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानुसार ते दुसरं लग्न व्हॉइड. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, फोटो निघाले, तरी व्हॉइड. (मुलं मात्र त्या कायद्याप्रमाणे औरसच धरली जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांचा काय दोष?)

याच वाटेवर 'डेझर्टेड' भेटतो. ओस पडलेला रस्ता, उजाड झालेलं गाव, ते डेझर्टेड. पण या शब्दाच्या पोटात कोणी तरी सोडून गेलं, हे आहे. नुसतं कोणी नाही असं नव्हे, होतं आणि टाकून गेलं. नवऱ्यानं कारण नसताना टाकलेल्या बाईला म्हणूनच इंग्रजी कागदात 'डेझर्टेड वाइफ' म्हणतात, आणि सलग दोन वर्षं असं टाकणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं एक कारण आहे. म्हणून कोणा विधवेच्या घराबद्दल लिहिताना हा शब्द चुकूनही घालू नका. काका काकूंना टाकून गेले नव्हते.

'बेअर'सुद्धा तसाच जपून वापरायचा. एम्प्टी म्हणजे आत काही नाही, बेअर म्हणजे वर काही नाही. हळदीकुंकवाला आलेलीला आपण रिकाम्या हातानं पाठवत नाही, ते 'एम्प्टी-हँडेड'. हातात बांगडी नाही तो हात बेअर. उघडी भिंत बेअर, ओका गळा बेअर. नवरा गेला की बाईचे हात असे बेअर करायची रीत मोडायची, असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये केला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्याची खूप चर्चा झाली होती. आमच्या काकूंनी कोणाच्या ठरावाची वाट पाहिली नाही. तेराव्यानंतर एक नणंद काहीबाही बोलली, तेव्हा त्या म्हणाल्या, "या बांगड्या त्यांनीच आणल्यात, राहू देत," आणि विषय संपवला.

तर काकूंचं पत्र. मी खिरीची वाटी खाली ठेवली आणि आधी माझी चूक त्यांच्यापुढे कबूल केली. मग तिथंच बसून आम्ही ते वाक्य पुन्हा बांधायला घेतलं. मी म्हटलं, "व्हेकंट खोडा, एम्प्टी लिहा." काकूंनी खोडलं, लिहिलं, वाचलं आणि मान हलवली. "अगं, पण एम्प्टी कुठं आहे? चार कपाटं पुस्तकं आहेत. हे वाचून तो म्हणायचा, आईनं सगळं रद्दीत घातलं!"

मी गप्पच झाले. त्यांचं बरोबर होतं. मग माझ्या लक्षात आलं की, मूळ चूक शब्दाचीसुद्धा नव्हती. त्यांच्या मनात होतं, रिकाम्या *वाटतात*. मला त्यांनी विचारला फक्त 'रिकामं', आणि मी दिला फक्त 'रिकामं'चा शब्द. 'वाटतात' जिन्यावरच राहिलं. इंग्रजीत त्याला 'फील' आहे. 'द रूम इज एम्प्टी' म्हणजे खोलीत काही नाही. 'द रूम फील्स एम्प्टी' म्हणजे सगळं आहे, आणि तरीही. मैत्रिणींनो, यापुढे मला पत्रातून शब्द विचारलात, तर कृपा करून पुरतं वाक्य लिहा. तुमच्या घरात कोणी शब्द विचारला तर तुम्हीही आधी वाक्य विचारा. कुकरची शिट्टी होऊ दे.

काकूंनी त्या संध्याकाळी नव्या पानावर लिहिलं. व्याकरणाला मी हात लावला नाही. "युअर आजोबाज रूम इज फुल. हिज बुक्स, हिज चेअर, हिज स्पेक्टॅकल्स, ऑल देअर. बट इट फील्स एम्प्टी. आय गो अँड सिट देअर ॲट फोर ओ'क्लॉक." 'आजोबा' हा शब्द तसाच ठेवला, त्याला त्यांना 'ग्रँडफादर' नको होतं.

रविवारी रात्री फोन आला. नातीनं पत्र वाचून दाखवलं आणि मधेच तिच्या बाबांनी ते तिच्या हातातून घेतलं, असं तिनंच सांगितलं. मग तो बराच वेळ आईशी बोलला. काय बोलला ते काकूंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढं कळलं की, माडी भाड्यानं जाणार नाही. मेमध्ये नात येणार आहे, आणि झोपायला तिला वरचीच खोली हवी आहे.

काकू पुन्हा वर्गाला येऊ लागल्या आहेत. परवा मधेच म्हणाल्या, "मला एकच रुखरुख आहे. तो एजंट उन्हातान्हात आला होता, मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याला सॉरी म्हणायचं तर कसं लिहायचं?" त्यावरून 'सॉरी', 'अपॉलॉजाइझ', 'एक्सक्यूज मी' आणि 'पार्डन' यांचा गुंता निघाला. तो पुढच्या अंकात सोडवू. तोवर घरातले फॉर्म बाहेर काढा, आणि कुठं सही आहे नि रकाने कोरे आहेत का, तेवढं बघून ठेवा.